‘संगीचे गजगे’ पहिल्यांदा वाजलं तेव्हा

सप्टेंबरअखेर नांदेडला कोण जातं, असं मला तिघांनी विचारलं. मी तिघांनाही सांगितलं, डबल बास वाजवणारी बाई जाते. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दिसायला व्हायोलिनसारखंच, पण माझ्यापेक्षा हातभर उंच. उभं राहून वाजवायचं. प्रवासात त्याचे नखरे रुसलेल्या जावयासारखे. विमानात घेत नाहीत, रेल्वेच्या डब्यात मावत नाही. म्हणून आम्ही बारा वादकांनी मिळून पुण्याहून एक ट्रॅव्हलर केली, मागची सीट काढून टाकली आणि तिथे दोन बास आडवे निजवले. एक माझा, दुसरा मुंबईच्या फ्रेडीचा.

निमित्त होतं एका नव्या रचनेच्या पहिल्या प्रयोगाचं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो. हा तो नव्हे. व्हायोलिनं, चेलो, बास, क्लॅरिनेट, तुताऱ्या, ढोल अशा तीस वाद्यांसाठी मिलिंदने स्वर न् स्वर लिहिलेली पंचेचाळीस मिनिटांची रचना होती. मिलिंद पुण्यात एका शाळेत संगीत शिकवतो. तिशीचा आहे, मूळचा चाकूर तालुक्यातला. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, ते आता नाहीत. तीन वर्षं खपून त्याने हे लिहिलं आणि नाव दिलं ‘संगीचे गजगे’.

संगी म्हणजे त्याची थोरली बहीण. मिलिंद जन्मायच्या आधी, सहा वर्षांची असताना, ती भूकंपात गेली. तेव्हा त्याची आई औशाकडच्या सासरी होती. त्यानंतर ती माहेरी चाकूरकडे आली आणि गेली तीसेक वर्षं जड छताखाली गेलेली नाही. वडिलांनी हौसेने स्लॅबचं घर बांधलं, तर ही समोर पत्र्याच्या शेडमध्ये राहते, तिथेच रांधते, तिथेच निजते. अंगणवाडीत मदतनीस होती, ती अंगणवाडीही झाडाखाली भरायची तेव्हाच जायची. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा आणि दुसरा त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणतात लगेच करा. पण दवाखान्याला स्लॅब आहे.

‘मुग्धाताई, एक तास ती हॉलमध्ये बसली ना, तर मी तिला दवाखान्यात नेऊ शकतो,’ मिलिंद मला म्हणाला होता. ‘संगीचं म्हटल्यावर ती येईल. म्हणून पहिला प्रयोग पुण्यात नाही, लातूरला. तालीम तेवढी नांदेडला, बँडवाले तिकडचे आहेत.’ यावर नाही म्हणायला मी काही दगड नाही.

पहाटे पाचला निघालो. नगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी, वसमत असं करत संध्याकाळी पाचला नांदेडला पोचलो. साडेचारशे किलोमीटरला बारा तास लागले, त्यात तीन चहा आणि एक पंक्चर. माजलगावच्या पुढे धाब्यावर भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी शंभर रुपयांत पोटभर मिळाली. दोन्हीकडे सोयाबीनची काढणी चालली होती. नांदेडला स्टेशनजवळ दोघींची खोली हजार रुपयांत मिळते, फक्त आधी पाणी येतंय का ते बघून घ्या. जेवायला गुरुद्वाऱ्याच्या लंगरला गेलो. तिथली डाळ खाल्ल्यावर अंगातला बारा तासांचा रस्ता उतरला.

दुसऱ्या दिवशी तालीम. लग्नसराई नसल्यामुळे एक मंगल कार्यालय रिकामं मिळालं होतं. मिलिंदच्या ऑर्केस्ट्रात तंतुवाद्यं आमची, पुण्या-मुंबईची. फुंकणारी आणि बडवणारी सगळी मंडळी मात्र भोकर आणि बिलोलीच्या बँडपार्ट्यांतली. त्यांना नोटेशन वाचता येत नाही. मिलिंदने प्रत्येकाचा भाग स्वतः गाऊन फोनवर पाठवला होता आणि महिनाभरात त्यांनी तो पाठ करून टाकला होता. आम्ही कागदाला चिकटलेलो, त्यांचे डोळे मोकळे. दुपारपर्यंत चुका आमच्याच निघाल्या, हे मान्य करायला मला जरा वेळ लागला.

त्यांचे म्होरके रहीमचाचा, भोकरचे, सत्तरीचे, क्लॅरिनेटवाले. मिलिंदच्या वडिलांचे जोडीदार. रचनेचा जीव त्यांच्याकडेच होता. संगी गजगे खेळताना, म्हणजे पाच खडे वर उडवून झेलताना, मोजणीचं एक गाणं म्हणायची. आईने ते मिलिंदला गुणगुणून शिकवलं होतं. शेवटच्या भागात सगळी वाद्यं थांबतात आणि एकटं क्लॅरिनेट ती चाल पाच वेळा वाजवतं. पाचव्या फेऱ्यात आम्ही दोन बासवाले तार सैल सोडून खर्जाच्याही खालचा एक सूर लावतो आणि मोठा ढोल कापडी टिपरीने घुमतो. तो जमिनीचा आवाज. लातूर-नांदेडकडे जमिनीतून अधूनमधून असा आवाज येतो. बहुतेकदा नुसताच येतो आणि जातो. तिथल्या लोकांना त्याची सवय आहे, असं मला वाटत होतं.

आम्ही तो सूर लावला. कार्यालयाच्या खिडक्यांची तावदानं बारीक वाजू लागली. मी सहज वर पाहिलं, तर बाकी सगळ्या बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली होती. सतराच्या सतरा जण दाराकडे बघत होते. मागे स्वयंपाकघरात भांडी घासणारी बाई केव्हा बाहेर मैदानात जाऊन उभी राहिली ते कळलंही नाही. ती ओरडली नाही, पळाली नाही. राखेने भरलेले हात अंगापासून लांब धरून नुसती उभी होती. आम्ही थांबल्यावरही बराच वेळ आत आली नाही.

एकटे रहीमचाचा वाजवत राहिले होते. चाल पुरी करूनच त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

‘चाचा, तुम्ही नाही थांबलात?’ मी चहाच्या वेळी विचारलं.

‘न्हाई बाई. आमच्या पार्टीचा कायदा हाय. वरातीत भुई बोलली तर बाकीच्यांनी नवरदेवाला घोड्यावरून उतरवायचं, पर ज्याच्या तोंडात चाल हाय त्यानं ती पुरी करायची. उस्तादनं सांगून ठेवलंय. अर्धी चाल सोडली की ती मागं मागं येती.’

‘येते म्हणजे?’

‘आता ते मी कामून सांगू? चहा घ्या, थंडा होऊन राहिला.’

मी हसले. पण फ्रेडी हसला नाही, आणि तो तर कशावरही हसतो.

तिसऱ्या दिवशी नांदेड ते लातूर, लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर मार्गे. रस्ता चांगला आहे, न थांबता अडीच-तीन तासांत होतो. अहमदपूरला सुशीला खा. मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, वीस रुपये प्लेट. चाकूरच्या अलीकडे मिलिंदने गाडी आत वळवली. गावाचं नाव लिहीत नाही, त्याने नको म्हटलंय.

भर दुपार होती. स्लॅबचं घर गुलाबी रंगाचं, दाराला कुलूप. समोर पत्र्याची शेड, आत बुद्धाची तसबीर, चूल, खाट. कोपऱ्यात पातेल्यावर पातेलं, त्यावर तांब्या, तांब्यावर वाटी अशी उतरंड रचलेली. ती रांधायची भांडी नव्हती. भुई जरा हलली की वाटी पडते आणि माणूस जागं होतं. गावात घरोघरी ती आहे, मिलिंद म्हणाला. मी आणखी दोन घरांत डोकावले. खरंच होती.

आई लहानखुरी, ताठ, मान जराशी तिरपी करून बघणारी. मिलिंदला हवं होतं की आईने तो आवाज आधी उघड्यावर ऐकावा, म्हणजे हॉलमध्ये दचकणार नाही. मी अंगणात लिंबाखाली बास उभा केला. आईने त्यावर तळहात ठेवला.

‘हे तुमी वाजवणार?’

‘हो आई. तो आवाज मीच काढणार. ही काठी अशी वर धरली की समजायचं, आता येणार. तारेवर टेकली की आला. तिथे आवाज झाला तर तो माझाच. घाबरायचं नाही.’

‘मला कुटं काठी दिसती,’ ती हसली. ‘बरं, वाजवा.’

मी ती काठी, म्हणजे बो, तारेवर टेकवला आणि हळूहळू ओढला. शेडमधली वाटी तांब्यावर थरथरली, मग पडली. आणि गल्लीतली दारं उघडली. एकेका घरातून माणसं बाहेर येऊन उभी राहिली. एकीचे हात पिठाचे होते, एका म्हाताऱ्याने अर्धीच दाढी केलेली होती. कुणी कुणाशी बोललं नाही. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही, सगळ्यांची नजर पायाखाली. मी थांबले. ते उभेच. डोक्यावर ऊन. शेवटी आई म्हणाली, ‘पोराचं हाय. जावा आत.’ तशी दारं पुन्हा लागली.

‘जवळ जवळ जमलंय,’ तिने मला सांगितलं. ‘पर भुईचा आवाज कानात येत न्हाई, बाई. आधी टाचंला येतो.’

मिलिंदने विचारलं, ‘आई, उद्या येशील ना?’

ती बराच वेळ वाटी पुन्हा जागेवर ठेवत बसली. मग म्हणाली, ‘दाराजवळची खुर्ची दे. उठून येता आलं पायजे.’

लातूरला पोचल्यावर आम्ही गांधी चौकाच्या बाजूला निलंगा राईस खाल्ला. तो न खाता लातूरहून परत येऊ नका. पण चवीकडे माझं लक्ष नव्हतं, हे कबूल करते. मिलिंद ताटातला भात नुसता चिवडत होता.

प्रयोग चौथ्या दिवशी, संध्याकाळी सहाला. प्रवेश फुकट, जुनं नाट्यगृह, तीनशे माणसं. मिलिंदने प्रेक्षागृहातले दिवे अर्धे चालू ठेवायला लावले होते, आईला दार दिसावं म्हणून. त्यामुळे मला स्टेजवरून सगळं दिसत होतं. आई पायरीवर पंधरा मिनिटं उभी होती. आत एक पाऊल टाकायची, वर बघायची, मागे घ्यायची. मग चपला काढून हातात घेतल्या आणि येऊन शेवटच्या रांगेत, दाराच्या खुर्चीवर, अगदी कडेला बसली. मिलिंद प्रेक्षकांकडे पाठ करून उभा. मी त्याला मान हलवून सांगितलं, आली.

पहिली तीस मिनिटं इतकी छान गेली की मी भीती विसरले. भोकरच्या तुताऱ्यांनी लग्नाची वरात अशी काही उभी केली की मागच्या रांगेतून शिट्टी आली. मग एकेक वाद्य थांबत गेलं. रहीमचाचांनी डोळे मिटले आणि चाल सुरू केली. एक फेरा. दुसरा. मी आणि फ्रेडीने बो वर उचलून धरले. तारेपासून वीतभर लांब.

तिसऱ्या फेऱ्यात माझा बास वाजू लागला.

हे वाक्य मी चार वेळा खोडलं, पण दुसरं सुचत नाही. बासच्या तळाशी एक लोखंडी खुंटी असते, ती जमिनीत रोवून वाद्य उभं राहतं. त्या खुंटीतून काहीतरी वर आलं. लाकूड माझ्या पोटाला टेकलेलं होतं, ते थरथरू लागलं, आणि सैल सोडलेली तार आपोआप गुणगुणू लागली. ‘तू वाजवतेयस?’ फ्रेडी न हलता पुटपुटला. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. त्याचाही बो वरच होता. ढोलवाल्याची टिपरी मांडीवर होती. मिलिंदचे दोन्ही हात हवेत, आणि त्याचा चेहरा मी पुन्हा कधी पाहू नये असा.

प्रेक्षक उठले. तीनशे माणसं, खुर्च्यांचा आवाजही न करता. लहान मुलं कडेवर घेतली, म्हाताऱ्यांना दंडाला धरलं आणि रांगेरांगेने बाहेर निघाली. पुणे-मुंबईचे आम्ही बारा जण तेवढे जागच्या जागी राहिलेलो. आमच्यातल्या चेलोवाल्या मुलीला वाटलं, लोकांना रचना आवडली नाही म्हणून ते चालले. बँडवालेही उतरून गेले. एका मिनिटात सभागृह रिकामं झालं. रहीमचाचा डोळे मिटून वाजवत होते, चौथा फेरा.

रिकामं म्हणजे, एक खुर्ची सोडून. आई बसून होती. ती अर्धवट उठलेली मला दिसली, आणि मग, चाचांनी चौथा फेरा उचलला तेव्हा, पुन्हा खाली बसली. चपला मांडीवर ठेवल्या, हात त्यांवर ठेवले.

मीच तिला सांगितलं होतं, आवाज झाला तर तो माझाच, घाबरायचं नाही. तिला बो दिसत नव्हता. ती माझ्या भरवशावर त्या छताखाली बसली होती आणि मी वाजवत नव्हते. मला ओरडायचं होतं, आई, बाहेर जा. मी बो धरून उभी राहिले.

चाचांनी पाचवा फेरा पुरा केला. तार गप्प झाली. छताला काही झालं नाही, एक खपली पडली नाही. दहा मिनिटांनी लोक परत आले आणि जो तो आपापल्याच खुर्चीवर बसला. कुणी काही विचारलं नाही. मिलिंदने क्लॅरिनेटपासून पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी पाचव्या फेऱ्यात आम्ही खरोखर वाजवलं, तावदानंही वाजली, आणि एक माणूस जागचं हललं नाही. टाळ्या जरा उशिरा आल्या, पण खूप वेळ चालल्या. चेलोवाली मुलगी मला म्हणाली, ‘लोकांनी बाहेर जाणं रचनेतच होतं का गं? काय कल्पना आहे!’

दाराशी मिलिंद आईपुढे उकिडवा बसला होता. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, ‘मंग? कवा नेतूस दवाखान्यात?’ तो लहान मुलासारखा रडला. मला आनंद व्हायला हवा होता. मी बास पिशवीत भरत राहिले.

पुण्याला परतून आठ दिवस झाले. प्रवासाचा हिशोब सांगायचा तर माणशी साडेचार हजारांत सगळं झालं, आणि हा भाग एकदा तरी बघून यावा असाच आहे. नोव्हेंबरात गेलात तर हवा आणखी चांगली असेल. त्या संध्याकाळच्या धक्क्याबद्दल मला कुठेच काही वाचायला मिळालं नाही. फ्रेडीने फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. त्यात क्लॅरिनेट आहे आणि खूप पावलं आहेत. तो आवाज नाही. फोनला इतका खालचा सूर धरता येत नाही, असं फ्रेडी म्हणतो. तो आता बास खोलीत ठेवत नाही, बाल्कनीत ठेवतो.

आईचं ऑपरेशन सोमवारचं ठरलं. मिलिंदने आनंदाने कळवलं आणि माझी झोपच उडाली. स्लॅब सुरक्षित आहे हे तिला एका खोट्या गोष्टीवरून पटलं होतं, आणि ती खोटी गोष्ट मी होते. शेवटी काल दुपारी फोन लावला आणि मिलिंदला म्हटलं, आईला दे.

‘आई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी लोक उठले तेव्हाचा आवाज माझा नव्हता. मी वाजवलंच नव्हतं.’

‘म्हाईत हाय की.’

‘तुम्हाला दिसलं?’

‘दिसायला कशाला पायजे? टाचंला तवाच कळलं. मी बी उठलेच व्हते अर्धी.’

‘मग बसलात कशा?’

पलीकडे चुलीवर काहीतरी शिजत होतं, त्याचा आवाज येत होता.

‘मागल्या खेपंला मी भाईर पळाले, बाई. संगीचा हात धरून पळाले. भाईर येऊन बघते, तर हातात गोधडीचा कोपरा. ती आतच राहिली. त्या दिशी रहीमभाई तिला वाजवून राहिले व्हते. आतमदी. म्या म्हनलं, आता पडू दे काय पडायचं ते. दोनदा न्हाई सोडायची तिला.’

मला रडू आवरेना. ते तिला ऐकू गेलं असावं.

‘रडू नका. आता दवाखान्यात काय, मी एकलीच आत. मागं कोन राहनार?’ ती म्हणाली. ‘छत पडायचं भ्या मला कदीच नव्हतं, बाई. मी उठून पळंन, त्याचं भ्या व्हतं.’